दारूचं व्यसन, मनोरुग्णालय आणि गटोपचार : ओपीडीच्या बाकावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका मनोरुग्णालयाच्या व्यसनमुक्ती वॉर्डात सोशल वर्कर आहे. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, विचारणारे तेवढे बदलतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. मध्येमध्ये पेशंटच्या गोष्टी येतील. ओळख पटू नये म्हणून त्यांतले तपशील बदलले आहेत.

तो पितो, पण वेडा नाही. मग मनोरुग्णालयात कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, तोही आवाज खाली आणून. दारूचं व्यसन हा मेंदूचा आणि वागण्याचा आजार आहे, म्हणून तो मनोविकारतज्ज्ञाकडे येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणाऱ्या अवस्थाही धरल्या आहेत. शिवाय पिणाऱ्या बऱ्याच जणांच्या मागे नैराश्य, भीती, झोपेचा त्रास असं काहीतरी लपलेलं असतं. नुसती दारू सोडवून घरी पाठवलं आणि ते तसंच राहिलं, तर बाटली परत येते.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. लोकांना 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र माहीत असतं. पण १९८६ साली ते सुरू झालं ते येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात, हे अनेकांना ठाऊक नसतं. डॉ. अनिता अवचट तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीतून ते उभं राहिलं. त्या वेळीही नातेवाइकांना 'येरवड्याला नेलं' म्हणायची लाज वाटत असणारच.

व्यसनमुक्तीचा वॉर्ड सहसा वेगळा असतो. समजा दुसरे मानसिक आजार असलेले पेशंट आवारात भेटले, तर ते काही करत नाहीत. उलट आमचेच गडी पहिल्या आठवड्यात त्यांना जास्त त्रास देतात.

व्यसन आहे की नुसती सवय, हे कसं ओळखायचं?

'मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी फक्त पुढचा प्रश्न विचारते: गटारीला किती झाली होती, आणि श्रावण संपला त्या दिवशी किती? महिनाभर थांबता येणं ही चांगली गोष्ट आहे, पण महिना संपायची वाट कशी पाहिली जाते, त्यात खरं उत्तर असतं.

डॉक्टर पाहतात ते असं: तलफ आवरते का, ठरवलं त्यापेक्षा जास्त होते का, पूर्वीच्या मापात चढेनाशी झाली आहे का, सकाळी हात थरथरतात का, आणि नोकरी, लिव्हर, संसार बिघडतोय हे दिसत असूनही चालूच आहे का. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ती ओपीडीत पाच मिनिटांत होते.

मापाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. आमच्या हिशोबात एक माप म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्की-रमचे ३० मिली. क्वार्टर म्हणजे सहा मापं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार. त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतो, दोनच' म्हणणाऱ्या माणसाने सव्वा क्वार्टरपेक्षा जास्त घेतलेली असते.

घरीच एकदम बंद केली तर?

रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. घरातलं कोणीतरी शहाणपणाचा हट्ट धरतं, 'आजपासून थेंब नाही' म्हणून, आणि घात होतो.

शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: अंगावर किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. आमच्याकडे एक कंडक्टर होते, ते रात्रभर खाटेवर बसून हवेतली तिकिटं फाडत होते आणि सिस्टरकडे सुटे मागत होते. सकाळी ऐकायला गंमत वाटते, पण ही अवस्था जीवघेणी असते आणि तिला उपचार लागतातच.

अशा वेळी घरचे जवळच्या दवाखान्यात नेऊन 'एक सलाईन लावा' म्हणतात. तिथे तो रोज पितो हे सांगा, लपवू नका. सततच्या पिण्याने शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व संपलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून आधी ब-१ चं इंजेक्शन देतात.

मग औषधांनीच सुटते की. गट कशाला हवा?

औषधांनी शरीरातली दारू सुटते, त्याला सात-दहा दिवस लागतात. आमच्या वॉर्डात त्याची खूण चहाच्या ग्लासात दिसते. नवीन पेशंटला मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, अर्धाच ग्लास चहा देतात, कारण पूर्ण दिला तर सांडतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा ग्लास काठोकाठ भरतात, आणि नेमकं त्याच दिवशी पेशंट म्हणतो, 'मॅडम, मी बरा झालो, सोडा मला.'

अवघड काम तिथून पुढे सुरू होतं. तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारख्या गोळ्या उपयोगी पडतात, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण माणसाने स्वतःला जे सांगून ठेवलेलं असतं, 'माझ्या पैशाची पितो', 'बायको कटकट करते म्हणून पितो', 'मनात आणलं तर उद्या सोडीन', त्याला गोळी लागू पडत नाही. आणि डॉक्टरांनी किंवा मी कितीही समजावलं तरी तो मनात म्हणतो, यांना काय कळतंय. दुसरा पिणारा बोलतो तेव्हा ही पळवाट बंद होते.

गटात नेमकं काय चालतं?

नाश्ता आणि गोळ्या झाल्या की दहाच्या सुमारास आठ-दहा जण गोलात बसतात. गोलातच, कारण रांगेत बसवलं की मागच्या रांगेत झोपायची शाळेपासूनची सवय जागी होते. मी किंवा मानसोपचारतज्ज्ञ तिथे असतो, पण चांगल्या दिवशी आम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

एक प्रसंग सांगते. गॅरेजमध्ये काम करणारा एक जण छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी कामावर असताना कधीच घेतली नाही." समोर एक वायरमन बसला होता, वॉर्डात तिसऱ्यांदा आलेला.

"दुपारचा डबा कुठं खायचास?"

"बाहेर."

"बाहेर म्हंजे देशीच्या दुकानाच्या अलीकडं का पलीकडं?"

सगळे हसले. गॅरेजवालाही हसला. मग थोडा वेळ बोटं मोडत बसला आणि म्हणाला, "दुकानातच. डबा तिथंच उघडायचो." भरतीच्या वेळी मी हाच प्रश्न दोनदा विचारला होता, दोन्ही वेळा कागदावर 'नाही' लिहिलं गेलं होतं.

त्यात अपमान नव्हता, कारण विचारणाराही कधीकाळी तिथेच डबा उघडत होता. अमेरिकेत बोस्टनला जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी १९०५ मध्ये क्षयाच्या गरीब रुग्णांना एकत्र बसवून शिकवायला सुरुवात केली, तिथून गटोपचाराचा इतिहास सांगतात. एकाच दुखण्याची माणसं एकमेकांना आधार देतात हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे पारावर बसणाऱ्यांना ते आधीपासून माहीत असावं, फक्त पाराला कोणी उपचार म्हटलं नाही.

सगळ्या बैठका अशा कबुलीच्या नसतात. एखाद्या दिवशी लिव्हरबद्दल माहिती असते. एखाद्या दिवशी नाटक करतो: एक जण मित्र होतो, दुसऱ्याने 'नाही' म्हणायचं. मित्राचं काम करणारे इतका हुबेहूब आग्रह करतात की विचारू नका: "पोराचं बारसं आहे रे माझ्या, माझ्यासाठी एक नाईन्टी." परवा एकाने उत्तर दिलं, "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, चालत नाही." लगेच गोलातून आवाज आला, "आणि गोळ्या संपल्यावर?" मग त्याला पुन्हा उभं केलं. चौथ्या वेळी त्याला साधं "मी पीत नाही" म्हणता आलं, तेही खाली बघून.

मला चारचौघांत बोलता येत नाही. गप्प बसलो तर चालेल?

चालेल. पहिल्या आठवड्यात निम्मे गप्पच असतात. झोपू नका एवढंच.

माझ्या गोष्टी बाहेर गेल्या तर? ऑफिसात कळेल का?

गोलात बोललेलं गोलातच राहतं, हा पहिला नियम आहे आणि तो पेशंटच एकमेकांना सांगतात. उपचाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क कायद्यानेही दिलेला आहे. रजेसाठी दाखला लागणार असेल तर त्यावर काय लिहिलं जाईल, हे भरतीच्या वेळीच डॉक्टरांशी बोलून घ्या. मात्र कोणी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचं बोललं, तर ते उपचार करणाऱ्यांना सांगावं लागतं. हे आम्ही आधीच स्पष्ट करतो.

आमचे हे मोठ्या पदावर आहेत. हमाल-रिक्षावाल्यांबरोबर बसवणार का?

हो. आणि त्यांना बरं करणारा कदाचित तो रिक्षावालाच असेल. शिकलेल्या माणसाकडे कारणं जास्त असतात आणि ती जास्त सुबक असतात, म्हणून त्याला वेळही जास्त लागतो, असा माझा अनुभव आहे. स्वतंत्र खोली मागा, मिळत असेल तर मिळेल. स्वतंत्र गट मागू नका.

एए आणि हॉस्पिटलमधला गट यात फरक काय?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालं. एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. एकाचं बोलणं चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही. आमच्या गटात मात्र त्या वायरमनसारखं मध्ये विचारायची मुभा असते, आणि ते कुठे थांबवायचं हे पाहायला शिकलेला माणूस बसलेला असतो.

दोन्हींत भांडण नाही. आमचा गट डिस्चार्जपर्यंतचा, एए त्यानंतर आयुष्यभराची. मराठीतून चालणाऱ्या मीटिंगा मुंबई-पुण्यात सहज सापडतात. एएमध्ये दारू सोडण्यासाठी ज्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांतला देवाचा उल्लेख काहींना खटकतो. नास्तिक असाल तरी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या मीटिंगला जाऊन बघा, प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा असतो.

माळ घातली की सुटते म्हणतात. खरं का?

काहींची सुटते. वारकऱ्याची माळ घालून वीस-वीस वर्षं न प्यायलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात श्रद्धा असतेच, पण सोबत भजनी मंडळ असतं, दिंडी असते, संध्याकाळी सात वाजता जायला जागा असते आणि माळ मोडली तर विचारणारी माणसं असतात. हा एक प्रकारचा गटच झाला.

अडचण शपथेच्या दुसऱ्या दिवशी येते. देवळात शपथ घेऊन आलेला माणूस फिट येऊन पडतो आणि घरचे म्हणतात, देवाचं काहीतरी चुकलं. आधी दवाखाना, मग माळ. दोन्ही करा.

त्याला न सांगता जेवणातून औषध देता येईल का?

नाही. 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा पाट्या बसस्टँडवर दिसतात, त्यातल्या पुडीत काय असतं ते देव जाणे. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, १९४० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमधून वापरात आलेली. ती घेतलेली असताना प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब खाली जातो, क्वचित जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. माहिती असणाऱ्याची ती भीतीच राखण करते. माहीत नसलेल्याला ती वरणातून देणं म्हणजे विषप्रयोग करण्यासारखं आहे.

तो तयारच नाही. जबरदस्तीने भरती करता येईल का?

प्रौढ माणूस स्वतःच्या इच्छेने भरती होतो, हा कायद्याचा मूळ नियम. इच्छा नसताना भरती करायची तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून तो स्वतःला किंवा इतरांना इजा करतोय, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं ठरवावं लागतं. अशी भरती आधी ३० दिवसांपर्यंतच असते. नुसता पितो, पैसे उडवतो, एवढ्यावर होत नाही. बायकांना हे ऐकून राग येतो, आणि तो मला समजतो.

तो येत नसेल तर तुम्ही एकट्या या. खरंच या. दर दोन आठवड्यांनी बायको आली, घरातलं वागणं थोडं बदललं आणि तीन महिन्यांनी नवरा 'ही जाते तरी कुठं' बघायला म्हणून मागे आला, असं आमच्याकडे एकदा नाही, अनेकदा झालंय.

पितो तो. मग मला आणि मुलांना का बोलावता?

कारण तो चार आठवडे इथे असतो आणि उरलेलं आयुष्य तुमच्याकडे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत राहायला सांगितलं. घरचे सोबत असले की पेशंट लवकर सावरतात, हे त्यातून देशाला दिसलं.

आमच्याकडे शनिवारी घरच्यांचा वेगळा गट असतो. सुरुवातीला प्रत्येक जण नवऱ्याची किंवा मुलाची तक्रार घेऊन येतो, ते बरोबरच आहे, कुठेतरी ओकायला हवंच. नंतर दुसऱ्या गोष्टी निघतात. साहेबांना फोन करून 'यांना ताप आलाय' कोण सांगायचं? उधारी कोण भागवायचं? उलटी कोण पुसायचं, सकाळी काही झालंच नाही असं कोण दाखवायचं? एक आजी म्हणाल्या, "मीच द्यायचे शंभर रुपये. बाहेर चोरी करण्यापेक्षा बरं." त्यांना कोणी दोष दिला नाही, शेजारची बाई फक्त म्हणाली, "मी दीडशे द्यायचे."

एक मात्र लिहूनच ठेवते: तुमच्यामुळे तो पीत नाही. आणि मारहाण होत असेल तर गट-बिट नंतर, आधी सुरक्षित जागी जा.

बायकांसाठी सोय असते का?

कमी असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरुषांमध्ये दारू घेणाऱ्यांचं प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के आलं. म्हणून बहुतेक खाटा पुरुषांच्या. पण बाईच्या शरीरावर दारूचे परिणाम लवकर होतात, आणि तिला घेऊन येणारं कोणी नसतं. पुरुषांबरोबर एकच बाई गटात बसवू नये, ती बोलत नाही. स्त्रियांचा वेगळा गट आहे का, हे आधी विचारून घ्या.

किती दिवस, किती खर्च? विमा चालतो का?

सरकारी रुग्णालयात साधारण तीन-चार आठवडे, खर्च नाममात्र. काही केंद्रांत पाच आठवडे ते तीन महिने. विम्याचं म्हणाल तर बऱ्याच पॉलिसींच्या 'काय मिळणार नाही' या यादीत दारूच्या व्यसनाचा उपचार असतो. एजंटवर विसंबू नका, ती यादी स्वतः वाचा.

पुनर्वसन म्हणजे मेणबत्त्या करायला शिकवणार का?

हा टोमणा आम्हाला नवीन नाही! मेणबत्त्या, फायली, बागकाम यांचा उपयोग आहे: ठरलेल्या वेळी उठून दोन तास एका जागी काम करणं ज्याचं सुटलंय, त्याची ती घडी परत बसवायची. पण घरी जाणाऱ्या माणसाचं पुनर्वसन वेगळंच असतं. डिस्चार्जच्या आधी आम्ही एक कागद करतो. कुणाकुणाची उधारी आहे, पहिला पगार कुणाच्या हातात येणार, कामावरून घरी येताना कोणता रस्ता टाळायचा, संध्याकाळी सात ते नऊ काय करायचं. एका गवंड्याने लिहिलं होतं, 'सात ते नऊ: पोरीला सायकल शिकवणे.' ती दोन आठवड्यांत शिकली, मग पंचाईत झाली. नंतर त्याने तिच्या मैत्रिणींनाही शिकवलं.

विसर्जन मिरवणूक, थर्टी फर्स्ट, गावची जत्रा, लग्नाच्या वराती. पहिल्या वर्षी यातलं शक्य तेवढं टाळा. पाहुणे नाराज होतील, होऊ द्या.

इतकं करूनही पुन्हा प्यायला तर?

तर त्याच आठवड्यात घेऊन या. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे, जसं मधुमेहात साखर वर जाते. घसरून आलेल्याला गट शिव्या देत नाही, विचारतो: पहिला घोट आदल्या कितव्या दिवशी ठरला होता? कारण तो क्वचितच त्याच क्षणी ठरतो. आठ दिवस आधी फॉलोअप चुकवलेला असतो, जुन्या मित्राला 'सहज' फोन केलेला असतो, घरी कशावरून तरी भांडण उकरून काढलेलं असतं. तो वायरमन तिसऱ्यांदा आला होता हे वर लिहिलंय. आता तो महिन्यातून एकदा संध्याकाळी नुसता बसायला येतो.

कोणत्या केंद्रात नेऊ नये?

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवत नसतील तिथे नको. डॉक्टर रोज येतात का, हे नीट न सांगणारे, घरच्यांना महिनाभर भेटू न देणारे, 'आम्ही घरून उचलून नेतो' म्हणणारे, कोंडणारे, मारणारे, यांच्यापासून लांब राहा. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, मग पेशंट कितीही आरडाओरडा करत असो.

कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर किंवा व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला १४४४६ वर फोन लावा. टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं.

भरतीच्या दिवशी सोबत काय आणायचं?

आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, दोन-तीन जोड कपडे, चष्मा. दाढीनंतर लावायचं लोशन, परफ्यूम, माउथवॉश आणि खोकल्याचं औषध घरीच ठेवा, त्यांत अल्कोहोल असू शकतं. पाण्याची बाटली आणू नका, इथे मिळते. आणलेली आम्ही हुंगून बघतो आणि मग दोघांनाही ओशाळं वाटतं. आणि सोबत अशा माणसाला आणा, जो शेवटची कधी आणि किती घेतली हे खरं सांगेल. पेशंटने स्वतः सांगितलेला आकडा आम्ही लिहून घेतो, पण पेन्सिलीने.